दाराच्या आतलं काम

कसबा पेठ, पुणे
१३ जानेवारी २०२५

ती. शांतवनदादास,
नंदाचा सप्रेम सलाम.

तुझं कानातलं यंत्र पुन्हा शिट्ट्या मारतंय असं कळलं, म्हणून फोनचा नाद सोडला आणि कागद घेतला. गेल्या वेळी मी गुडघा दुखतोय म्हणून रडत होते आणि तू नगरहून मला जोरजोरात नाताळच्या शुभेच्छा देत होतास. त्यापेक्षा पत्र बरं. तू रिटायर झालेला पाळक, तुला वेळ आहे. मी रिटायर झालेली आया, मला तर आहेच आहे.

काल चर्चमध्ये एक प्रकार झाला. आमचे नवे पाळक अभिनव साळवे, बत्तीस वर्षांचे असतील, माणूस मनापासून काम करतो. उपदेश पंचवीस मिनिटांत संपवतो, तेवढ्यावरच मी त्याला शंभर अपराध माफ करीन. (तुझ्या उपदेशांविषयी मी काहीही म्हटलेलं नाही.) तर काल त्यांनी उपासनेनंतर सगळ्यांना एकेक फॉर्म वाटला. वर लिहिलेलं, 'देवाने तुम्हाला कोणते कृपादान दिले आहे?' आणि खाली चौकोन. गायन, वादन, शिकवणे, प्रार्थना, आदरातिथ्य, सजावट, कॉम्प्युटर आणि माईक, असे अकरा. आपापल्या चौकोनात खूण करायची, म्हणजे मंडळीच्या सेवेत ज्याला त्याला काम मिळेल.

सगळे भराभर खुणा करायला लागले. माझ्या शेजारच्या सलोनीनं पाच ठिकाणी केल्या. मी पेन हातात धरून बसले. गायनाचं विचारूच नकोस, लहानपणी नाताळच्या गाण्यात तूच मला 'नुसतं तोंड हलव' म्हणून सांगितलं होतंस. शिकवायला मी सातवी पास. चारचौघांत प्रार्थना करायला उठले की तिसऱ्या वाक्याला अडते. स्वयंपाक जेवढ्यास तेवढा. शेवटी कोराच कागद परत दिला.

पाळकांनी तो पाहिला आणि फार प्रेमानं म्हणाले, की मावशी, देव कुणालाच रिकाम्या हातानं पाठवत नाही, घरी जाऊन शोधा.

दादा, त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण मला लागलं ते. घरी येऊन मी खरंच शोधलं. चौतीस वर्षं हॉस्पिटलात बेडपॅन उचलले, हे गेले, मूलबाळ नाही, सहासष्ट वर्षांची झाले. या वयात आपल्याला कळावं की अख्ख्या मंडळीत आपण एकटेच रिकाम्या हातांचे, याला काय म्हणायचं? तू बेचाळीस वर्षं पाळक होतास, तू सांग. त्या कागदावर मी काय लिहू?

बाकी ठीक. गुरुवारी महिला मंडळाला जायचं राहिलं. रास्ता पेठेतल्या निर्मलाबाई गेल्या, त्यांना आंघोळ घालायला बोलावणं आलं होतं. ते काय, आलं की जावंच लागतं.

तुझी,
नंदा


नगर
२० जानेवारी २०२५

चि. नंदूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि मोठ्यानं हसलो. शेजारचे डोकावून गेले. नंदू, तू वेडी आहेस का ग? पानभर शोधत बसलीस आणि जे आहे ते शेवटच्या ओळीत, महिला मंडळाच्या गैरहजेरीचं कारण म्हणून लिहिलंस.

मंडळीतली कुठलीही बाई गेली की तुझ्या दारात माणूस येतो. अठ्ठावीस वर्षं येतो आहे. तू पिशवी उचलतेस, त्या घरी जातेस, दार लावून घेतेस आणि तासाभरात ती बाई न्हाऊन, केस विंचरून, पांढरी साडी नेसून, चर्चला निघाल्यासारखी पेटीत निजलेली असते. सख्ख्या मुली ज्या देहाला हात लावायला बिचकतात त्याला तू आईसारखी आंघोळ घालतेस. मी सहाशेच्या वर अंत्यविधी चालवले. लोक येऊन माझे हात धरायचे, पाळकसाहेब, तुमच्या शब्दांनी आधार दिला म्हणायचे. शब्द बोलणारा दिसतो. आत बसून काम करणारी कधी कुणाला दिसली नाही. मंडळी एक देह आहे असं आपण सारखं म्हणतो, पण त्या देहाचे हात कुठले हे कुणी विचारलं तर मी तुझ्याकडे बोट दाखवीन.

तुझ्या फॉर्मचं तू मनावर घेऊ नकोस. चौकोन करणाऱ्याची चूक आहे, तुझी नाही. आणि ती चूक मी दुरुस्त केली आहे. तुझ्या साळवे पाळकांना कालच सविस्तर पत्र टाकलं, चार पानी. तुझी सेवा, किती वर्षांची, कशी, सगळं लिहिलं आणि अशा बाईचा मंडळीनं योग्य तो मान राखला पाहिजे असंही स्पष्ट कळवलं. आता बघ.

तुझा दादा,
शांतवन


कसबा पेठ, पुणे
३ फेब्रुवारी २०२५

ती. शांतवनदादास,
सलाम.

बघितलं. तुझ्या चार पानांनी काय केलं ते आता तू बघ.

पत्र पोचलं त्याच्या दुसऱ्या दिवशी पाळक आणि मंडळीचे सेक्रेटरी घरी आले. पाळकांच्या डोळ्यांत पाणी. मला म्हणाले, मावशी, मला माफ करा, तुम्ही कोण आहात ते मला ठाऊकच नव्हतं. इथवर ठीक होतं. मग म्हणाले, चर्चच्या वर्धापनदिनी तुमचा सत्कार. शाल, नारळ, मानपत्र. आणि सहा घरची माणसं स्टेजवर येऊन दोन-दोन मिनिटं साक्ष देणार, की नंदामावशींनी आमच्या आईला, आमच्या सासूला शेवटचं कसं सांभाळलं. घरं निवडून झाली होती. फोनही करून झाले होते. माझ्या हातातला चहा तसाच राहिला.

दादा, तू सहाशे अंत्यविधी केलेस, पण त्या खोलीत काय असतं ते तुला माहीत नाही. अंगावरचं कापड काढलं की माणसाचं सगळं बोलायला लागतं. पाठीवरच्या जखमा सांगतात की हिची कूस कुणी बदलली नाही. दंडावर नाव गोंदलेलं असतं आणि ते नवऱ्याचं नसतं. चाळीस वर्षांपूर्वीच्या चटक्यांचे डाग असतात, जिथे कुणाला दिसणार नाहीत तिथे दिलेले. मी ते बघते, पुसते, झाकते आणि बाहेर येऊन फक्त म्हणते, झालं, या आता. अठ्ठावीस वर्षांत एक अक्षर बाहेर गेलं नाही. ह्यांनाही कधी सांगितलं नाही. लोक मला आत घेतात ते माझे हात चांगले आहेत म्हणून नाही रे. मी बोलत नाही म्हणून घेतात.

आणि तू त्याचा कार्यक्रम करायला निघालास.

मी पाळकांना त्याच वेळी सांगितलं, सत्कार रद्द. त्यांनी केलाही. पण बातमी फिरायची ती फिरली. बुधवारी संजय भालेरावची आई गेली. चाळीस वर्षं ओळखत होते मी तिला, मंडईत भाजीला आम्ही बरोबर जायचो. मला कळलं तशी मी पिशवी भरून तयार बसले. तर संजयचा फोन. मावशी, आम्ही बाहेरची माणसं बोलावली आहेत, तुम्ही त्रास घेऊ नका. कबरस्थानात एकीनं माझ्या कानात सांगितलं, की त्याच्या बायकोला भीती वाटली, उद्या स्टेजवर आपल्या घरातलं काही निघायचं.

बाहेरची माणसं म्हणजे दोन पुरुष होते, दादा. ती बाई डॉक्टरपुढे पदर सारायला लाजायची.

आता मला कुणी बोलावणार नाही. तो कोरा कागद तरी माझा मला ठाऊक होता. त्यावर एक गोष्ट होती असं तू सांगितलंस आणि सांगता सांगताच घालवलीस. मी रागावले आहे. एवढ्यात पत्र लिहू नकोस.

नंदा


नगर
१० मार्च २०२५

चि. नंदूस,
आशीर्वाद.

लिहू नकोस म्हणालीस म्हणून पाच आठवडे लिहिलं नाही. आज लिहितो ते समर्थन म्हणून नाही. माझं चुकलं. मला वाटलं, चांगल्या गोष्टीला मान मिळावा. बेचाळीस वर्षं उंचावर उभं राहून बोललो, त्यामुळे जे उंचावर नाही ते कुणाला दिसतच नाही असं मला वाटत आलं.

पण खरं कारण निराळं आहे आणि ते मी कुणालाच सांगितलेलं नाही.

अकरा वर्षांपूर्वी सुगंधा गेली. तू पुण्याहून पहिल्या गाडीनं आलीस, दार लावून घेतलंस. थोड्या वेळानं दार किलकिलं करून मला विचारलंस, 'दादा, वहिनीचे पाय तू धुतोस का?' मी काय म्हणालो आठवतं? म्हणालो, लोक आलेत, मला बाहेर बघितलं पाहिजे. आणि अंगणात जाऊन उभा राहिलो. नंदू, बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. मी घाबरलो होतो. मला मयताला हात लावायची भीती वाटते, लहानपणापासून. सहाशे घरांत मी दाराबाहेर उभा राहून प्रार्थना म्हटल्या आणि लोकांना वाटलं पाळकसाहेब मर्यादा पाळतात. बत्तीस वर्षं जिनं माझा संसार केला तिचे पाय मी धुतले नाहीत. त्यामुळे तुझ्यापुढे मी मनातून नेहमी लहान असतो. ती चार पानं त्यातून आली होती. तुला मोठं केलं की माझं थोडं फिटेल असं वाटलं असावं.

आता मुद्द्याचं. आमचा कोंडीराम तुला आठवत असेल, चर्चची घंटा वाजवायचा. चाळीस वर्षं त्याच्या घंटेवर मी उपदेशाला उभा राहिलो. तो चर्चच्या मागच्या खोलीत शेवटचे दिवस मोजतो आहे, डॉक्टरांनी घरी पाठवलंय. त्याला मागेपुढे कुणी नाही. परवा मंडळीच्या बैठकीत विषय निघाला, तर ठरलं की वेळ आली की अँब्युलन्सवाल्यांना सांगू, तेच सगळं करतात. मी काही बोललो नाही. घरी आलो आणि जेवण गेलं नाही.

तू पुरुषांचं करत नाहीस, मला ठाऊक आहे. म्हणून विचारतो. हे कसं करतात? मला लिहून शिकव. भीती अजून आहे, ती गेली असं खोटं सांगत नाही.

आणि एक. सुगंधाचं तू त्या दिवशी काय पाहिलंस, हे अकरा वर्षं विचारावंसं वाटतंय.

तुझा दादा,
शांतवन


कसबा पेठ, पुणे
१५ मार्च २०२५

ती. दादास,
सलाम.

पत्र वाचून राग गेला. सगळा नाही, पण कामापुरता गेला. आता नीट वाच आणि जवळ ठेव.

दोन माणसं मदतीला घे. एकट्यानं कूस बदलता येत नाही, तुझी कंबर जाईल. जो फार बोलतो त्याला घेऊ नकोस. दार लावायचं, खिडकीला पडदा. पाणी कोमट घ्यायचं. त्यांना आता काय फरक पडतो असं कुणीतरी म्हणेलच, त्याला बाहेर पाठव. आधी डोळे मिटव, पापणीवर बोटं जरा वेळ ठेवायची, घाई नाही. हनुवटीखालून मऊ कापडाची पट्टी डोक्यावर बांध, नाहीतर तोंड उघडं राहतं. ही दोन कामं लगेच, अंग आखडायच्या आत.

सगळं अंग एकदम उघडं टाकायचं नाही. चादर वर ठेवायची, जेवढं धुतो तेवढंच उघडायचं आणि लगेच झाकायचं. आधी चेहरा, मग हात, छाती, पाठ, शेवटी पाय. दाढी करताना साबण भरपूर आणि हात हलका, कारण कापलं तर भरून येत नाही. कोरडं पुसायचं, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा. शर्ट मागून फाडून घालतात काही लोक, सोपं पडतं म्हणून. तू फाडू नकोस. आधी हात, मग डोकं, बसतो नीट.

आणि बोलायचं. हे मला कुणी शिकवलं नाही, माझं मीच करते. आता हात उचलते हं, आता कुशीवर घेते हं, असं सांगत सांगत करायचं, नाव घेऊन. त्यानं आपली भीती जाते. त्यांचीही जात असेल, कुणास ठाऊक.

काही दिसलं तर बघायचं आणि विसरायचं.

वहिनीचं विचारलंस. नाही सांगणार. तू नवरा असलास तरी नाही. पण मी तिच्याशी काय बोलले ते सांगते, कारण ते माझं आहे. तू अंगणात गेलास तेव्हा तिचे पाय मी हातात घेतले आणि म्हटलं, 'वहिनी, दादा घाबरलाय. त्याच्यावर रागावू नका.' मला तेव्हाच कळलं होतं रे. एवढी वर्षं कशाला जिवाला लावून घेतलंस?

इथे सगळं जिथल्या तिथे. दोन मयती झाल्या, बोलावणं आलं नाही. पिशवीतले टॉवेल धुवून पुन्हा आत ठेवले.

नंदा


नगर
२ एप्रिल २०२५

चि. नंदूस,
आशीर्वाद.

कोंडीराम गुरुवारी सकाळी गेला. मी केलं.

तुझं पत्र शर्टाच्या खिशात ठेवून गेलो आणि दारात पाय उचलेना. बरोबर चर्चच्या शाळेतले दोन जुने शिपाई होते, दोघं माझ्या तोंडाकडे बघत उभे. शेवटी एकाला म्हटलं, दार लाव. एकदा दार लागलं की पळता येत नाही, हे बरं असतं. पाणी कोमट करायचं विसरलो, पहिला तांब्या गारच घातला. मग कोंडीरामची माफी मागितली, चांगली मोठ्यानं, आणि पाणी तापवायला लावलं. माझं यंत्र शिट्टी मारायला लागलं, ते काढून खिशात टाकलं. मला काहीच ऐकू येईना. नुसते हात आणि तो.

तू सांगितलंस तसं बोलत गेलो. कोंडीराम, आता हात उचलतो. कोंडीराम, मान वळवतो. दाढी चांगली झाली, एकही कापलं नाही. उजवा तळवा धुताना कळलं की तो केवढा टणक आहे, दोरीनं झालेला. चाळीस वर्षं मी घंटा ऐकली, तो हात कधी हातात घेतला नव्हता. पाय धुताना मी रडलो. ते पाय त्याचे होते आणि त्याचे एकट्याचेच नव्हते, तुला कळेल.

बाहेर आलो तेव्हा लोक माझ्याकडे वेगळंच बघत होते. प्रार्थनेला उभा राहिलो आणि दोन वाक्यांत संपवलं. इतका लहान उपदेश मी उभ्या आयुष्यात केला नव्हता. बोलण्यासारखं सगळं आतच बोलून झालं होतं.

कोंडीरामच्या अंगावर मला एक गोष्ट दिसली. काय ते तुला सांगणार नाही.

नंदू, आता लिहितो ते कुठल्याही पाळकाला पाठवलेलं नाही. हे काम हातांचं आहे असं मी समजत होतो. हात कुणालाही शिकवता येतात, तू मला पत्रातून शिकवलेस. पण अठ्ठावीस वर्षं इतक्या घरांची दुःखं एकटीनं आत ठेवायची, त्याच घरातल्या माणसांशी रविवारी हसून बोलायचं आणि एवढं करून स्वतःचा कागद कोरा द्यायचा, हे देवानं दिल्याशिवाय येत नाही. मला एकच गोष्ट सहा दिवस आत ठेवून जड झाली आहे. तुझ्यासारखी बहीण मला दिली म्हणून मी रोज देवाचे आभार मानतो. तुझं दार मी बंद केलं, ते उघडणं माझ्या हातात नाही. प्रार्थना करतो आहे.

तुझा दादा,
शांतवन


कसबा पेठ, पुणे
२८ एप्रिल २०२५

ती. शांतवनदादास,
सप्रेम सलाम.

तुझं पत्र मिळालं तेव्हा लगेच लिहिणार होते, ते राहूनच गेलं. कोंडीरामसाठी किती चांगलं केलंस. मी वाचलं आणि उठून उगाच घरभर फिरले. माझा दादा, माझा दादा, असं आपलं आपणच म्हणत होते. शेजारीण म्हणाली, काय झालं? म्हटलं, काही नाही, भावाचं पत्र आलंय.

आता इकडचं सांगते.

पाळकांची आई ईस्टरसाठी जालन्याहून आली होती. मी तिला पाहिलंही नव्हतं, तब्येत नरम म्हणून ती चर्चला आली नाही. मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास दार वाजलं. पाळक स्वतः उभे, पायांत दोन वेगवेगळ्या चपला. म्हणाले, 'मावशी, आई गेली. तुम्ही याल का?'

कृपादान नाही, सेवा नाही, काही नाही. तेवढंच म्हणाले. मी पिशवी उचलली.

अख्खी गल्ली बघत होती, पाळक पुढे आणि मी मागे. त्यांच्या घरी मंडळीतल्या बायका जमल्या होत्या, संजयची बायकोही होती. मी सरळ आत गेले, दार लावलं. चेहरा झाला, हात झाले, वेणी झाली. पायांशी आले आणि थांबले. मग दार किलकिलं करून पाळकांना विचारलं. ते आत आले. त्यांनी आईचे पाय धुतले, कोरडे केले, आणि मान खाली घालून बाहेर गेले. बाकीचं मी केलं. चांगली झाली ती, दादा. शांत दिसत होती.

शुक्रवारी आणखी एक बोलावणं आलं. संजयच्या बायकोची मावशी. निरोप घेऊन संजयची बायको स्वतः आली होती, माझ्याकडे बघत नव्हती. मी म्हटलं, पाणी तापवून ठेव, आलेच.

काल रविवारी पाळक उपासनेला उभे राहिले. आवाज बसला होता. आईसाठी ज्यांनी ज्यांनी धाव घेतली त्या सगळ्यांचे त्यांनी आभार मानले. पेटी करणाऱ्याचे मानले, गाडीवाल्याचे मानले, कबर खणणाऱ्यांची नावं घेऊन मानले, जेवणाचे डबे आणणाऱ्या बायकांचे मानले. मी तिसऱ्या बाकावर बसून एकेक नाव ऐकत होते, आता माझं निघतं की काय म्हणून. माझ्यापर्यंत आले, एक क्षण माझ्याकडे बघितलं, आणि पुढचं गाणं सांगितलं.

त्यांनी माझं नाव घेतलं नाही, दादा. माझ्या डोळ्यांना जी धार लागली ती थांबेना. सगळे गायला उभे राहिले आणि मी बसूनच. शेजारच्या सलोनीनं वाकून विचारलं, की मावशी, पाळकांची आई तुमची कोण होती?

मी म्हटलं, 'कुणी नाही ग. एकदाच भेटलो आम्ही.'

तुझी,
नंदा